जे मामाजीनं मले विचारायचं होतं

पोलीस ठाणे, दिनांक १७ डिसेंबर १९६८, मंगळवार.

नाव झुंबरबाई भ्रतार उत्तमराव सोनुने, वय अंदाजे एकवीस, धंदा शेती व घरकाम, सासर हिवरा आश्रमाजवळ, तालुका मेहकर. सध्या मुक्काम माहेरी, मोताळ्याजवळ, वडील पुंजाजी यांचे घरी. (पतीचे नाव बाईने तोंडाने घेतले नाही. सासऱ्याच्या अर्जावरून लिहिले.)

मी वर लिहिलेली झुंबरबाई, ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, कोणाच्याही धाकाशिवाय सांगते की, माझे सासरे कारभारी सोनुने यांनी विमलबाई नर्स यांचेविरुद्ध दिलेला अर्ज मला वाचून दाखविण्यात आला. अर्जात म्हटले आहे की, सदर नर्सने घरच्यांची परवानगी न घेता मला परक्या इसमाच्या ट्रकमध्ये घालून बुलढाण्यास नेले, माझे पोट चिरविले आणि त्याच वेळी पुढे मूल होऊ नये अशी शस्त्रक्रियाही गुपचूप करविली. हा मजकूर ऐकून मला राग आला. हवालदारसाहेबांनी "राग आला" एवढेच लिहिले, परंतु मी त्याहून पुष्कळ जास्त बोलले होते. तरी माझी विनंती आहे की, जबाब माझा असल्याने पुढचा मजकूर माझ्याच बोलीत लिहावा. त्यांनी हो म्हटले आहे.

तं लिहा. विमलबाईले कामावर येऊ नको म्हनून वरून हुकूम आला. उद्या चौकशीचे साहेब येनार हायत अन् माझा जबाब त्यायच्यापुढं ठेवनार हायत. म्हंजे तिची नोकरी राह्यते का जाते, तिच्यावर खटला होते का नाई, हे माझ्या तोंडावर हाय. म्हनून मी लेकराले घेऊन सकाळीच आली. सव्वा महिना आताच पुरा झाला, नाई तं पहिलेच आली असती. बाप म्हने, पोलीस ठान्यात बाईमानसाचं काय काम. मी म्हनलं, बा, अर्ज माझ्या पोटाचा हाय, मंग पोटासंगं मी नको का जाऊ. त्यानं बैलगाडी जुपून देली.

पहिलं बाळंतपन माहेरी, हे आपली रीत. दिवाळीच्या मांगं मले माहेरी आनलं. कापूस वेचाचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी पहाटपासून कळा लागल्या. आमची सुईन अन्नपूर्णाबाई, अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापली. तिनं पोट चाचपलं अन् गप बसली. तवाच मले समजलं का काहीतरी वाईट हाय, कारन ते झोपेतबी गप बसत नाई. तिनंच सांगतलं का विमलबाईले बलवा.

विमलबाई सरकारी नर्स हाय, आमच्या भागात गावोगाव फिरते. त्या दिवशी बाजारात लेकराइले टोचून राह्यली होती, तिथून तशीच आली. तिनं पाह्यलं अन् सांगतलं का लेकरू आडवं हाय. अन्नपूर्णाबाई म्हने, "आत हात घालून फिरवून पाह्यतं का, विमल?" विमलबाई म्हने, "नाई मावशी. हे काम डॉक्टरचं हाय. मले तेवढं शिकोलं नाई अन् कायदाबी मले तेवढा हक्क देत नाई. उगी हुशारी केली तं दोघं जातीन. बुलढाण्याले नेऊ. तिथं पोट चिरा लागन." साहेब, अर्जात तिले मनमानी करनारी म्हनलं हाय. मनमानी करनारी बाई असं म्हनते का?

आता परवानगीचं सांगते. पोट चिराचं तं दवाखान्यात अंगठा लागते. विमलबाईनं अंगनात जाऊन विचारलं तं माझ्या बापानं दोन्ही हात मांगं घेतले. म्हने, "लेक देली, ते त्यायची झाली. दुसऱ्याच्या मानसावर मी अंगठा कसा लावू? उद्या काही झालं तं कारभारी मले काय म्हनन?" सासरी मानूस पाठवा तं मेहकर काय दाराशी हाय? एसटीनं जाऊन येनं म्हंजे दुसरा दिवस. आमची रीतच अशी का, पोरगी बाळंत होते माहेरी पन असते सासरची. म्हंजे खाटेवर मी, अन् हक्कदार दोन तालुके दूर.

तिथं आमचे सरपंच भगवानराव आले. मोठा अकलेचा मानूस. माझे मालक दसऱ्याले आले होते तवा त्यायचं उपरनं आमच्या घरी राह्यलं होतं. भगवानराव म्हने, "पूर्वी नवरदेव हजर नसला तं त्याची तलवार, खांडा, उभा करून लगन लागे. मंग उपरन्यानं अंगठा काऊन नाई लागनार? पुंजाजी, जावयाचं उपरनं खांद्यावर घे अन् जावई म्हनून लाव." साऱ्या अंगनाले हे पटलं. माझ्या बापानं खरंच उपरनं खांद्यावर घेतलं. विमलबाई म्हने, "भगवानराव, उपरन्याच्या पोटात लेकरू नाई."

मले त्या कळांतबी हासू आलं. अन् हासता हासता संतापबी आला. मी आतूनच वरडली, "पोट माझं हाय. शाई इकडं आना." आमच्या घरात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती.

विमलबाई आत आली. अन्नपूर्णाबाईले ठेवलं, बाकीच्याइले बाहेर काढलं अन् माझ्या उशाशी बसली. मले म्हने, "झुंबर, तू सज्ञान हायस, शुद्धीवर हायस, तुझाच अंगठा चालते. पन पहिले आयक." कुठं चिरतीन ते तिनं बोटानं दाखवलं. कमरेत सुई देतीन, खालचं अंग बधिर होईन, हे सांगतलं. "लेकरू वाचन अशी आशा हाय, पन मी तसं वचन देत नाई. तुझ्या जिवालेबी धोका हाय. घरी राह्यली तं धोका जास्ती हाय. पुढच्या खेपेलेबी दवाखाना लागन. आता सांग, तुले काय पायजे?"

साहेब, हे नीट लिहा. शाळेतून काढलं तवा मले कोनी विचारलं नाई. लगन ठरलं तवा विचारलं नाई. लुगडं हिरवं आनलं, मी नेसली, पिवळं पायजे होतं हे आजवर कोनाले माहीत नाई. अन् पहिल्यांदा कोनी विचारलं ते मरनाच्या दारात. मले इतका आनंद झाला का मंधातली कळ मले समजलीच नाई. मी म्हनलं, "मले दोघंबी जिते पायजे. मीबी अन् लेकरूबी. चला." तिनं तेवढ्यावर सोडलं नाई. काय काय समजलं ते माझ्याच तोंडून वदवून घेतलं, मंगच ग्रामपंचायतीचा शाईचा पॅड पुढं केला. अन्नपूर्णाबाई साक्षीले हाय. ते शाई मी मुद्दाम धुतली नाई, आपोआप गेली तवा गेली.

अर्जात जो परका इसम लिहिला हाय तो हैदर. तो काही परका नाई. त्याची माय खुर्शीदचाची अन् माझी माय एकाच वावरात निंदाले जातात. हैदर मलकापुरात कापूस उतरवून रिकामा ट्रक बुलढाण्याले घेऊन चालला होता. बाजाराशी त्याले अन्नपूर्णाबाईनं हात धरून उतरवलं. त्यानं ट्रकात पडला होता तेवढा कापूस गोळा करून त्यावर ताडपत्री अन् गोधडी अंथरली. मी, विमलबाई अन् अन्नपूर्णाबाई मांगं. बाप पुढं हैदरपाशी, उपरनं अजून खांद्यावरच.

मी घाट कधी पाह्यला नव्हता. राजूरच्या घाटात ट्रक चढू लागला तं खालची सारी गावं मांगून उघडी पडली. मी विमलबाईले म्हनलं, मले थोडं उठवून बसव, मले पाहू दे. ते म्हने, पडून राह्य वं, तुले आताच पाहाचं हाय का? मी म्हनलं, मंग कवा? तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर उचलून धरलं. हर वळनावर हैदर पुढून आवाज दे, "झुंबरबहन, ठीक है ना?" अन् मी मांगून वरडू, "हाव, जिती हाय." शेवटच्या वळनाले मले कळ आली, माझ्यानं बोलवलं नाई, तं त्यानं ट्रकच उभा केला. विमलबाईनं त्याले हाकाचं सांगतलं तवा हाकला. परका मानूस असं करते का, हे अर्ज लिहिनाऱ्याले विचारा.

बुलढाण्यात एका डॉक्टरीनबाईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाईनं नवऱ्याची सही मांगतली. मंग नवऱ्याचं नाव विचारलं. मी घेतलं नाई. जीव चालला होता तरी घेतलं नाई, रीत ते रीत. विमलबाई म्हने, "नवऱ्याच्या नावावाचून काही अडत नाई, बाई. पेशंट सज्ञान हाय. तिलेच विचारा." डॉक्टरीनबाईनं मले पुन्हा सारं समजावलं अन् पुन्हा विचारलं. एका दिवसात दोनदा. मी दोन्ही वेळा हावच म्हनलं.

आता अर्जातली मोठी गोष्ट. सुई कमरेत देली होती, कान माझे जागे होते. विमलबाई माझ्या डोक्यापाशी हात धरून उभी होती. लेकरू निघालं, रडलं. पोरगी हाय म्हनून सांगतलं. मंग डॉक्टरीनबाई म्हनली, "पुढचंही आताच करून टाकायचं का? पुन्हा त्रास नको हिला." त्यायनं मायेनंच म्हनलं असन. पन विमलबाई म्हने, "तिनं लेकरू काढाचा अंगठा लावला हाय, बाई. त्याचा नाई लावला. अन् असं टेबलावर पाडून विचारू नये. बरी झाल्यावर विचारू." डॉक्टरीनबाई म्हनल्या, "बरोबर आहे." अन् टाके घातले. हे मी माझ्या कानानं आयकलं.

मंग मामाजी, म्हंजे माझे सासरे, आले. संगं मालक. पोरीले पाहून मामाजी नाराज झाले नाई, हेबी लिहा. त्यायनं तिच्या हातात झबलं देलं. पन हिवऱ्याकडं कोनीतरी त्यायच्या कानात भरलं होतं का, गावात लाल त्रिकोनाचं, लेकरं कमी होऊ द्या म्हनून सांगत फिरते ते हीच नर्स, पोट उघडं सापडलं तं ते बंद केल्याशिवाय सोडते का? मामाजीनं विमलबाईले वरांड्यात गाठून विचारलं, पोट बंद केलं का? विमलबाई म्हने, "पेशंटचं मी दुसऱ्याले सांगत नाई, सासऱ्यालेबी नाई अन् बापालेबी नाई. सुनेले विचारा, ते सांगन."

आता सुनेले कसं विचारनार? आमच्याकडं सासरा सुनेसंगं बोलत नाई, अन् पोटाचं तं मुळीच नाई. मी पदर वढून बसली, मामाजी पाठ करून बसले. त्यायच्या पोटात सवाल अन् माझ्या पोटात जवाब. मालकाले विचारलं असतं तं त्यायनं मले विचारलं असतं, पन बापासमोर बायकोसंगं बोलाची त्यायले लाज. तं मामाजीनं काय केलं? नर्स सांगत नाई म्हंजे नक्की लपवते, असं धरून चालले अन् थेट इथं येऊन अर्ज देला. सुनेले विचाराची लाज वाटली, पोलिसाले विचाराची नाई वाटली. अन् त्या लाजेपायी एका बाईची भाकर चालली.

मामाजी आत्ता बाहेरच्या बाकावर बसून हायत, पाठ करून. खिडकी उघडी हाय. म्हनून मी मुद्दाम मोठ्यानं सांगून राह्यली, अन् साहेबानंबी ठळक लिहावं. पोट बंद केलं नाई. पुढं करायचं का नाई हे ज्या दिवशी ठरन त्या दिवशी मले विचारा, मी अंगठा लावीन नाई तं नाई लावनार. विमलबाईनं मले न विचारता काही केलं नाई. उलट तीच एकटी होती जिनं विचारलं. तिले काढलं तं आमच्या भागातल्या बायकाइले विचारनारं कोनी राह्यनार नाई.

वरील जबाब खिडकीकडे तोंड करून मोठ्याने वाचून दाखविण्यात आला. त्यानंतर खालील मजकूर वाढविला.

हवालदारसाहेब म्हनले का बाईमानसाचा जबाब हाय, बाजूले बापाचा नाई तं नवऱ्याचा अंगठा घेऊ. मी म्हनलं, उपरनं आनू का? मंग त्यायनं पॅड माझ्यापुढं सरकवला.

तेवढ्यात मामाजी दारात आले. भिंतीकडं पाहून म्हनले, "हवालदार, तिले एक विचारा." मी म्हनलं, "साहेब, मामाजीले सांगा, मी इथंच बसली हाय." पोरगी रडली, मी तिले पाजलं, तरी मामाजी तिथंच उभे. मंग त्यायनं मले विचारलं. मलेच. काय विचारलं अन् मी काय सांगतलं ते या जबाबात नाई. ते आमचं हाय, दुसऱ्याले सांगाचं नाई. एवढं लिहा का त्यायनं मांगं फिरून आपला अर्ज परत मांगतला.

हा मजकूर मी सांगितला तसाच, माझ्या बोलीत उतरला आहे. दोनदा ऐकून खात्री केली. यात माझ्या पदरचे जास्त काही नाही, आणि जे वगळले ते मी वगळले आहे.

निशाणी अंगठा, झुंबरबाई. स्वतःचा, एकटीचा.