पुस्तकात न उठलेला बाप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय यशवंतराव, ज्यांना निरोप द्यायला कुणाचंच मन तयार नाही अशा आपल्या सत्कारमूर्ती विनोदिनीताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, वाचक मंडळाचे ज्येष्ठ सभासद, शहरातल्या तात्यापाऱ्यापासून पार वेशीवरच्या बीरगांवपर्यंत कुठून कुठून आलेल्या बंधू-भगिनींनो, आणि मागच्या दाराशी उभं राहून हिंदीत कुजबुजणाऱ्या आमच्या पोट्टे-पोट्ट्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी दिवाकर, या मंडळाचा चिटणीस. थोडक्यात बोला, असं मला बजावून ठेवलं आहे. सारी नोकरी रेल्वेत झाली, त्यामुळे वेळेवर सुटण्याचं आश्वासन देतो, पोचण्याचं देत नाही.

ताई आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होत्या. आता मुलाकडे बंगळूरला कायमच्या चालल्या. पण या सभागृहाला त्या ठाऊक आहेत त्या आवाजाने. आपल्या मंडळाचा एक रिवाज आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. एखाद्या मराठी कादंबरीवर सिनेमा निघाला की आधी ती कादंबरी नागपूरहून मागवायची, कारण या हिंदी मुलखात मराठी पुस्तक मिळत नाही. एकच प्रत. दर शनिवारी ताईंनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, आणि सिनेमा पाहून होईपर्यंत दुसऱ्या कुणी पुस्तक उघडायचं नाही. असं का? आमच्यातल्या निम्म्यांची दृष्टी अधू, आणि पोट्ट्यांना अक्षरं ओळखीची असली तरी ‘ळ’ आला की ती अडखळतात. मग सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं, आणि पुढच्या शनिवारी खटला. पुस्तकाच्या तुलनेत सिनेमाला शंभरपैकी मार्क. न्यायाधीशाची खुर्ची, अर्थात, चिटणिसाची!

दोन वर्षांपूर्वी असाच एक सिनेमा आला. नाव घेत नाही, लेखक आणि दिग्दर्शक दोघंही हयात आहेत आणि मला शांतता प्रिय आहे. शनिवारी आम्ही ऐकली ती गोष्ट साधी. मुलगी स्वतःच्या पसंतीनं लग्न ठरवते. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला बापाच्या खोलीपाशी येते. बाप पाठ फिरवून बसलेला. ती उंबऱ्याला हात लावून निघते, टांगा वळतो. मग तो बाप अनवाणी बाहेर येतो. मुलगी जाताना रोजच्या सवयीनं फाटकाची कडी लावून गेलेली असते. तो ती कडी काढतो, फाटक तसंच उघडं ठेवतो आणि घरात जातो.

ताईंनी हे वाचलं, त्या शनिवारी चहा निवून गेला. कुणी कप उचलला नाही.

आता पुढचं मी अध्यक्षांच्या परवानगीनं सांगतो आहे. यशवंतराव, मान हलवलीत, आभारी आहे. यशवंतरावांची लेक राधिका तेलीबांध्याला राहते. एकच शहर, पण तिच्या लग्नापासून बापलेकीत बोलणं नव्हतं. मधल्या काळात नात मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी यांनी तिला लांबूनच पाहिलेलं. तर त्या वाचनानंतर हे गृहस्थ उठले, ऑटो केला आणि लेकीच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागाहून विचारलं तर म्हणाले, “दिवाकर, पुस्तकातला बाप कडी काढू शकते, तं मले काय झालं होतं?” पुढच्या शनिवारी नात यामिनी त्यांच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसली.

मग आम्ही सिनेमा पाहिला. आणि काय सांगू? सिनेमातला बाप खोलीतून हललाच नाही! टांगा गेला, पडदा काळा, पुढचं दृश्य चार वर्षांनंतरचं. यशवंतराव थिएटरच्या बाहेर समोसा हातात धरून ओरडले, “बापाले गोटा करून टाकला या लोकांनी!” पुढच्या शनिवारी खटला उभा राहिला. फोटोग्राफी उत्तम, अभिनय उत्तम, पण पुस्तकाचा प्राणच काढून घेतला, असा माझा निकाल. पस्तीस मार्क. तेही दयेचे.

तेवढ्यात यामिनीनं पुस्तक मागितलं. सिनेमा पाहून झाला होता, आता नियम आड येत नव्हता. ओळींवर बोट ठेवून ती वाचत राहिली, पान मागं, पान पुढं. मग म्हणाली, “नानाजी, ये सीन तो किताब में है ही नहीं.”

मी चष्मा पुसला. स्वतः पाहिलं. टांगा वळतो, प्रकरण संपतं. खरोखर पुढे काही नव्हतं.

सगळे ताईंकडे बघायला लागले. ताई म्हणाल्या, “नाही आहे. मी घातला.”

“काहून?” यशवंतरावांनी विचारलं.

“तो बाप उठूनच नाही राहिला होता, यशवंतराव. मले वाटलं, आता उठेल, आता उठेल. पान उलटवलं, तं चार वर्षं उलटून गेली होती. मग मीच उठवला त्याले.”

मंडळी, जरा विचार करा. सिनेमा पुस्तकाशी पूर्ण इमानदार होता. बेइमानी केली ती ताईंनी, आणि मार्क कापले आम्ही सिनेमाचे! तेव्हापासून मला एक कोडं पडलं आहे. आपण तुलना करतो ती नेमकी कशाशी? छापलेल्या पुस्तकाशी, की ऐकताना आपल्या मनात तयार झालेल्या पुस्तकाशी? प्रत्येक वाचणारा थोडा थोडा दिग्दर्शकच असतो का? ताईंना यशवंतरावांच्या घरचं ठाऊक होतं का, हेही मी त्यांना विचारलं. त्या नुसत्या हसल्या. मला अजून ते समजलेलं नाही, आणि मी अजून विचारतोच आहे.

पण त्या दिवसापासून ताईंनी वाचन सोडलं. “वाचणाऱ्यानं असं करू नये,” एवढंच म्हणाल्या आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. दोन वर्षं आम्ही विनवण्या केल्या. ताई, स्पष्ट सांगतो, मला याचं फार वाईट वाटतं. आपण लबाडी केली असं मनात घेऊन तुम्ही हे गाव सोडावं, हे मला मंजूर नाही.

म्हणून एक शेवटची विनंती. तिसऱ्या रांगेत राधिका बसली आहे. तिनं तो सिनेमा पाहिला, यामिनीकडून घेऊन पुस्तकही वाचलं. पण वडील ज्याच्यामुळे तिच्या दाराशी आले, तो प्रसंग ताईंच्या तोंडून तिनं कधी ऐकलेला नाही; आत्ता मी सांगितला तो नुसता सारांश. यशवंतरावांना सांगायला सांगितलं, तर म्हणाले, “मले नाही सांगता येत.” तो प्रसंग कुठे छापलेला नाही. ताई, परवा गाडी सुटली की तो तुमच्याबरोबर बंगळूरला जाईल.

पुस्तक या टेबलावर आहे. ते पान यामिनीनं काढून ठेवलं आहे.

अध्यक्षांनी आपली खाजगी गोष्ट सांगू दिली, तुम्ही ती इतक्या शांतपणे ऐकलीत, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, किंवा मुळात न घडलेलं काही माझ्या सांगण्यात शिरलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मीही ताईंच्याच हाताखाली ऐकायला शिकलो आहे.

ताई, या. टांगा वळला आहे. पुढचं वाचा.