तीन स्मरणपत्रं

पोस्टाच्या रांगेत नर्सच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या हातातलं पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं.

"अहो, सूनबाईलाही वाचता यावं म्हणून इंग्रजीत लिहिलंत, मग शेवटी ते 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' का नाही घातलंत? ऑफिसच्या पत्रांत घालायचात की."

"उत्तर यायचं असेल तिथेच घालतात ते. नुसतं कळवायचं असेल तिथे घातलं, तर ती चूक."

"आणि माझ्या ऑपरेशनची तारीख?"

"ती कळवलीय."

"ऑफिसात उत्तर नाही आलं तर काय करायचात?"

"स्मरणपत्र पाठवायचो."

"तरी नाही आलं तर?"

"तीन स्मरणपत्रं, मग फाइल बंद. चौथं मी उभ्या नोकरीत कुणाला पाठवलं नाही."

"आणि लेकाला हे कितवं?"

"पुढे सरक, रांग हललीय."

"कितवं, विचारतेय मी."

"नववं."

"मग?"

आजोबा खिसे चाचपू लागले. नर्सनं आपल्या पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं.

"बाई, जरा पेन देता? एक ओळ राहिलीय."