स्टोची हवा

हे कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलंय, पण तुम्ही माझ्या मैत्रिणी. बाबांनी जुन्या कुकरपासून कॉफीचं यंत्र बनवलं. पाणी फार तापून कॉफी कडू व्हायची, म्हणून ते रोज वाफेचा स्क्रू फिरवायचे. रविवारी म्हणाले, "आज जमलं नाही तर मोडून टाकतो." ते कपबशा आणायला वळले आणि आईने मला गप्प राहायची खूण करत हळूच स्टोची हवा सोडली; आच मंदावली. कॉफी झकास!

"बघ, अर्धाच आटा फिरवला!" बाबा म्हणाले.

"मग! हात कुणाचाय?" आई म्हणाली.

तेव्हापासून रोज असंच चालतं. एकदा मी बाबांना विचारलं, "स्टो बारीक झालेला तुम्हाला ऐकू येत नाही?"

"येतो की. म्हणून तर कपबशा आता बाहेरच्या फळीवर ठेवल्यात. आईला बोलू नकोस."

आता मला सांगा, मी आईला... आले गं, आई! नाही, मी कुणाला काही सांगत नव्हते!