बाटली कोणत्या डब्यात

दवाखान्याच्या बाकावर मनोहरराव पुस्तकात नाक खुपसून बसले होते. शेजारी दोन बाया येऊन टेकल्या, तसे ते आणखीच आक्रसले.

"दिली का लघवीची बाटली, पार्बता?"

"दिली, खातूनबी. डाक्टरीनबाई म्हणे, खोकलताना ज्यायची लघवी गळते त्यायच्या बाटल्या एका डब्यात, बाकीच्यायच्या दुसऱ्यात. दोन्हीतलं प्रोटीन ताडून पाहतीन, मंग बिमारी नुसत्या लघवीवरून समजन."

"म्हंजे तुयी गळतीच्या डब्यात."

"नाई. दुसऱ्या."

"काऊन वं? धानाच्या रोवण्यात वाकली का लुगडं ओलं होते तुयं!"

"कोणाची गळते ते इचारून फारम माये भासरे भरून राह्यले तिथी, डाक्टरीनबाईच्या बाजूले बसून. मालकाच्या मोठ्या भावापुढं जिंदगीत तोंड नाई उघडलं, त्यायले हे सांगू?"

"अवं, तुयी बिमारी चांगल्या बायांत मोजतीन! साऱ्यायची मेहनत पाण्यात."

"अन् तुयी बाटली कोणत्या डब्यात हाय?"

"…तुयाच बाजूले."

"तुये तं ते भासरे नाईत!"

"नाईत. पण रोज आमच्या पानठेल्यावर येतेत ना खर्रा घ्यायले."

"आता वं? संध्याकाळच्या गाडीनं डब्बे नागपूरले जातीन."

मनोहररावांनी पान उलटलं. तेवढ्यात खातूनबीचा आवाज त्यांच्याकडे वळला.

"भाऊ, तुमी कोण्या गावचे?"

"मी? वर्ध्याचा."

"इथी सोयरे-धायरे?"

"कोणी नाही."

"पेन हाय?"

"आहे."

"मंग डाक्टरीनबाईले एक चिठ्ठी लिहा, भाऊ. लिहा, पार्बता अन् खातून, दोघीयची गळते."