तिसरी हाक

नाही हो नीलेशभाऊ, ते वल्हं उचलू नका — ओलं शे, शर्ट खराब होईल. आं? ओलं कसं? रोज पाण्यात जातं म्हणून ओलं. पूल झाला तरी? झाला की, सात वर्षं झाली! तुम्ही भुसावळहून त्याच पुलावरून आलात आणि मलाच विचारता! हॉटेलच्या बागेत ठेवणार नाव, आत कुंड्या लावणार — लावा बापा, बरं दिसेल. आधी बसा तर.

ही बापाची नाव, त्याच्या आधी आजाची. बठ्ठं गाव हिच्यातून तापीपार गेलं — वऱ्हाडं, केळीचे घड, बाळंतिणी — एकदा तर वना पाटलाची म्हैस! मधल्या डोहात ती उठून उभी राहिली, सगळ्यांची पाचावर धारण! भाडं नव्हतं, खळ्यावरून ज्वारी यायची. बापाचा नियम एकच — पलीकडून हाक आली की कोण, कुठला विचारायचं नाही, नाव सोडायची. वैरी असला तरी. पाळला का मी? पाळला — पाळलाच — एकदा सोडून.

माझा धाकटा, नवल, पुलाच्या कामावर लागला. सख्खा भाऊ! आपल्याच पोटावर पाय देणाऱ्या पुलाचं सिमेंट कालवतो! घालूनपाडून बोललो मी. तो बायकोला घेऊन पलीकडे सासुरवाडीला राहिला. त्याच वर्षी आखाजीला, तुमच्या अक्षय्य तृतीयेला, आला — बापाच्या नावाची घागर त्या दिवशी दोघांनी मिळून भरायची ना आम्ही. पलीकडून ओरडला, 'दादा वोऽऽ, नाव लई येऽऽ!' नाव घेऊन ये म्हणे. आवाज ओळखला मी. इथंच बसलो होतो, बिडी ओढत. पुन्हा ओरडला. मी पाठ फिरवली. म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडू दे, मग जातो — जरा जिरू दे त्याची. तिसरी हाक आलीच नाही भाऊ.

आता दर बाजाराला मोटारसायकलवर पुलावरून जातो तो. हॉर्न कळतो मला. थांबत नाही — कशाला थांबेल? घागर मी एकटाच भरतो. चुकलं माझं, साफ चुकलं. म्हणून रोज नाव अर्ध्या पाण्यापर्यंत नेतो, परत आणतो. उद्या त्यानं हाक मारली तर न्यायला नाव नको?

काय म्हणता? पूल असताना तो हाक कशाला मारेल?

...उठा. वल्हं ठेवा तिथं. नाव विकायची नाही मला.