तुलनेसाठी घेतलेलं रक्त

(प्रयोगशाळा. ताई जुन्या तंत्रज्ञ. मॅडम विभागप्रमुख, वयानं लहान.)

मॅडम : वॉर्डातल्या त्या तापाच्या बाळाच्या रक्तातल्या मारेकरी पेशींनी शंभरातल्या सहाच कर्कपेशी मारल्या. आणि तुमच्या पेशींनी नऊ. अकरा वर्षं आम्ही तुलनेला निरोगी म्हणून तुमचंच रक्त लावतोय, ताई. तुमचा आकडा तीसच्या खाली कधी आला नाही.

ताई : वय झालं.

मॅडम : बेचाळिशीत?

ताई : मग कर्कपेशींमध्येच खोट असेल. परवा नवी कुपी उघडली. मेल्या मरायचं नाव घेत नाहीत.

मॅडम : मला तर ठीक वाटल्या. पण पिपेट धरायला तुम्हीच शिकवलंत, तुम्ही म्हणाल ते मानते. चाचणी बाद. बाळाचं रक्त पुन्हा मागवू.

ताई : कधी?

मॅडम : दुसरी कुपी वाढायला तीन दिवस तरी. तोवर त्याला उपचाराचं स्टिरॉइड देता येणार नाही. दिलं की पेशी सुस्तावतात, मग मोजायचं काय? वॉर्डातून सकाळपासून दोनदा फोन आला. ताप उतरत नाहीये.

ताई : मागवू नका.

मॅडम : का?

ताई : कुपी चांगली आहे. स्टिरॉइड मी घेतेय. चार दिवस झाले.

मॅडम : कशासाठी?

ताई : सांधे. सकाळी बोटं वळत नाहीत. पहाटे गोळी घेतली की नवापर्यंत पिपेटचं बटण दाबता येतं.

मॅडम : आणि तरी रक्त दिलंत.

ताई : नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मग तुम्ही मला खिडकीवर नमुने घ्यायला बसवलं असतं.

मॅडम : मी चांगली कुपी फेकून दिली असती, ताई. आणि ते बाळ तीन दिवस तापात राहिलं असतं.

ताई : हो.

मॅडम : त्याच्या पेशी उरल्यात का?

ताई : एका फेरीपुरत्या. संध्याकाळपर्यंत टिकतील.

मॅडम : मग माझं रक्त लावा. मला गोळ्या नाहीत, साधी सर्दीही नाही. सकाळच्या आकड्यांची नोंद खोडायची नाही. कारणासकट राहू दे.

ताई : लिहिते. सहापर्यंत आकडा येईल, वॉर्डाला कळवते. आणि मॅडम... उद्यापासून मी कुठे बसू?

मॅडम : उद्याचं उद्या. कुठला हात देऊ?