बसला जाणारा मुकुंद

मंडळी, नमस्कार.

सुरुवातीलाच एक तक्रार नोंदवतो. आजच्या शोकसभेसाठी हा हॉल मिळावा म्हणून कौन्सिलचा ऑनलाइन फॉर्म मी भरला. कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता. वाढदिवस, लग्न, फिटनेस, इतर. मी 'इतर' निवडलं. पुढचा प्रश्न: बाउन्सी कॅसल, म्हणजे पोरांनी उड्या मारायचा हवेचा किल्ला, असणार का? मी 'नाही' म्हटलं. तर लाल अक्षरांत सूचना आली, की हे उत्तर नंतर बदलता येणार नाही. मंडळी, मुकुंद गेल्याचं कळल्यापासून पाच दिवस मला रडू आलं नव्हतं. त्या लाल अक्षरांसमोर आलं. कौन्सिलला मी याबद्दल पत्र लिहिणार आहे.

हसलात, बरं झालं. हसणाऱ्या माणसांसमोर मला बोलता येतं. गप्प बसलेल्यांसमोर काय बोलायचं, ते मला कधी जमलं नाही. आज ते करावं लागणार आहे, कारण मला एक गोष्ट परत करायची आहे.

मुकुंदची इंग्लंडमध्येच वाढलेली मुलगी ईरा इथे पुढे बसली आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, बाबाचा एक पण चांगली फोटो नाहीये. फिशबरोबरचा. मी सगळा फोन बघितला. सगळे फिश एकटेच आहेत."

मी म्हणालो, बघतो हं. खरं तर बघायची गरज नव्हती. माझ्याकडे काय आहे, ते मला पाठ होतं. ते तुमच्यासमोर सांगायचं धाडस होतंय का, एवढाच प्रश्न होता. अजून आहे.

म्हणून आज टेबलावर जो फोटो दिसतोय, तो त्याच्या ऑफिसच्या बॅजवरून मोठा केलेला आहे. चेहरा बघा. दार उघडावं म्हणून मशीनला दाखवायचा चेहरा आहे तो.

मुकुंद नागपूरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पंचविशी उलटल्यावर. पक्का शाकाहारी. इथे ब्रॅकनेलमध्ये एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. पाच वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. ईरा नोकरीसाठी लीड्सला. शनिवारी त्याच्या घरात बोलायचा तो फक्त फ्रिज. आणि मग हा गृहस्थ बास पकडायला लागला. बास म्हणजे इथल्या किनाऱ्यावरचा चंदेरी, पाठीवर काटे असलेला मासा. धरायचा, मोजायचा, सोडून द्यायचा. जिवंत किडा गळाला टोचवेना, म्हणून रबराचे मासे वापरायचे.

आता यात एक अडचण झाली. मुकुंदचा फोन 'बास' लिहिलं की त्याचं 'बस' करायचा. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मेसेज यायचा: "उद्या बसला जातोय. कोणी येतंय का?"

आठवतंय ना? शिंदेकाकू, तुम्ही लिहिलं होतंत, "अहो मुकुंदराव, गाडी विकलीत की काय?" सतीशनं लिहिलं, "भाऊ, बस कशाला, मी सोडतो ना." कुणीतरी वेळापत्रक टाकलं. मान खाली घालू नका, वेळापत्रक चांगलं होतं, मी नंतर वापरलं.

मुकुंदनं एकदा खुलासाही केला. पण खुलासा कोण वाचतं? विनोद सगळे वाचतात. आणि विनोद मी करत होतो. "वरच्या डेकवर जागा पकड." "ड्रायव्हरला माझा नमस्कार सांग." मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की हा माशाबद्दल बोलतोय. पण माझा विनोद चालत होता, मी तो कशाला थांबवू? कोणी येतंय का, या प्रश्नाला मी चार वर्षं उत्तरं दिली, मंडळी. दर शुक्रवारी. त्यात एकदाही 'हो' नव्हतं, एकदाही 'नाही' नव्हतं. तो खाली एक हसरा चेहरा टाकायचा. दर शुक्रवारी.

आणि शनिवारी दुपारी फोटो यायचा. ओला दगड, दगडावर मासा, शेजारी टेप. माणूस नाही. माणूस कुठून येणार? मासा धरणाराही तोच आणि फोटो काढणाराही तोच.

आपल्या भाषेत आग्रह करण्याला गळ घालणं म्हणतात. चार वर्षं गळ घातल्यावर एक मासा लागला. मी. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी त्याच्याबरोबर गेलो. मैत्रीखातर वगैरे काही नाही. घरचा बॉयलर बंद पडला होता आणि त्याच्या गाडीतला हीटर चालू होता.

सकाळी सहाला निघालो, हेलिंग आयलंडला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. किनाऱ्यावर कुत्रं फिरवणारी एक बाई आणि आम्ही दोघं. त्यानं पिशवीतून ईराची जुनी कंपासपेटी काढली. आत रबरी मासे, एकाशेजारी एक, अगदी सरळ झोपवलेले.

मी म्हटलं, "काय रे, शाळा भरवलीस का गांडुळांची?"

"हसू नको बे. शेपूट मुडपली ना, तर पोहत नाही तो. सरळच ठेवा लागते."

मग त्यानं मला शिकवलं. पाणी स्वच्छ असेल तर फिकट, आरपार दिसणारा रबरी मासा लावायचा. गढूळ असेल तर पांढरा, नाहीतर पार काळा. त्या दिवशी पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखं होतं, म्हणून पांढरा लावला. तिथे खडक आणि शेवाळ फार. म्हणून गळाचं टोक रबराच्या पाठीतच लपवायचं. वरून नुसतं मऊ रबर. मासा चावला, रबर दबलं, की टोक बाहेर. गळाचा उलटा काटा त्यानं घरीच पकडीनं दाबून सपाट केला होता, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटणार नाही.

मी टाकला आणि भराभर रीळ फिरवायला लागलो.

"अबे, काय करून राहिला? चटणी वाटून राहिला का मिक्सरवर?"

"मग काय करू?"

"काहीच नको करू. पडू दे ना त्याला पाण्यात. पडता पडताच घेतो मासा."

"आणि नाही घेतला तर?"

"नाही घेतला तर उभं राहायचं. तू आहेस ना आज."

मी हे तेव्हा ऐकलं नाही, मंडळी. म्हणजे कानावर पडलं. ऐकलं आत्ता, तीन आठवड्यांपूर्वी, तो गेल्याचं कळल्यावर.

नऊच्या सुमारास त्यानं पोह्यांचा डबा उघडला. आत दोन चमचे. मी म्हटलं, "वा, माझ्यासाठी खास?" तो म्हणाला, "नाही बे. दोन राहतातच त्यात." आणि खाली बघून खायला लागला.

त्यानंतर अर्ध्या तासानं मुकुंदची काठी वाकली. तो ओरडला नाही. मी ओरडलो. तो नुसता दोन पावलं पाण्यात गेला आणि दोरी ढिली सोडत, परत घेत, सोडत राहिला. मासा वाळूवर आला तेव्हा त्यानं टेप लावला. बहात्तर सेंटिमीटर. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. त्यानं तो माझ्यापुढे केला. म्हणाला, "धर."

"मी?"

"धर ना बे लवकर. माणसासोबत पाहिजे एक फोटो. कधी झालाच नाही."

मी मासा धरला. त्यानं फोटो काढला. मी काय म्हणायला हवं होतं? "आता तू धर, मी काढतो." चार सेकंदांचं काम. मी म्हणालो, "नीट आला का? माझं पोट दिसत नाही ना?"

तोवर त्यानं मासा हातातून घेतला, गुडघाभर पाण्यात जाऊन लाटेकडे तोंड करून धरला आणि श्वास सापडल्यावर सोडला. फोटो ग्रुपवर टाकला. खाली दोनच शब्द: "आजचा मासा."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. "वा! पहिल्याच दिवशी!" "मुकुंदराव इतकी वर्षं जातायत, आणि तुम्ही एका सकाळी!" मी लिहिलं, "सगळं श्रेय गुरूचं." लोक माझ्या नम्रतेवर खूश झाले. गाडीत त्याचा फोन वाजत होता. सिग्नलला त्यानं एकदा वाचलं. मी म्हटलं, "अरे, मी सांगतो त्यांना." तो म्हणाला, "राहू दे. खूश आहेत ना सगळे."

राहू दिलं. दिवाळीच्या कार्यक्रमात याच मंडळानं मला 'मत्स्यसम्राट' म्हणून नारळ दिला. मी भाषण केलं. मुकुंदनं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शुक्रवारी परत मेसेज आला. पण माझा बॉयलर दुरुस्त झाला होता.

मंडळी, मी तो मासा धरला नाही. म्हणजे दोन्ही हातांनी धरला होता, पण पकडला मुकुंदनं. बहात्तर सेंटिमीटर. शिंदेकाकू, सतीश, सगळ्यांनी ऐकलंत ना? मुकुंदनं.

ईरा, तो फोटो मी आज सकाळी छापून आणलाय. उजव्या कोपऱ्यात वर गुलाबी, धूसर काहीतरी आहे. आधी मला वाटलं ढग. ढग नाही. तुझ्या बाबाचं बोट आहे ते. जगाच्या चुका शोधणारा माणूस, पण फोटो काढताना बोट लेन्सवर. म्हणजे बेटा, बाबाचा माशाबरोबर एक फोटो आहे. मासा त्याचा, बोट त्याचं. मधला माणूस तेवढा कापून टाक.

माझं बोलणं संपलं. आपण दोन मिनिटं मुकुंदसाठी शांत उभे राहू या. तेवढ्यात मी हा फोटो टेबलावर ठेवून येतो.